एडिसनची बॅटरी आणि माझी एक थकबाकी

मंडळी, मागच्या लेखाला बराच काळ लोटला. डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि नंतर आळसही आला. भाच्यांचे दोन-तीन फोन आले, "मावशी, ब्लॉग बंद केलास की काय?" म्हणून. बंद केलेला नाही. एका जुन्या विद्यार्थ्याच्या एका प्रश्नाने मला महिनाभर पुस्तकांत बसवून ठेवलं, त्याची ही हकिकत.

झालं असं, की मुलगा पुण्याहून आला होता. त्याची गाडी विजेवर चालणारी. रविवारी सकाळी परत निघायचं म्हणून सामान भरलं आणि गाडी ढिम्म. दार उघडेना, दिवा लागेना. आदल्या रात्री तर मुलगा कौतुकाने सांगत होता की चार्जिंग ऐंशी टक्के आहे! शेवटी नाक्यावरच्या बॅटरीवाल्याला फोन केला. हा माझा विद्यार्थी. आता पन्नाशी ओलांडलेला, केस माझ्याइतकेच पांढरे. आला, पुढचं झाकण उघडलं आणि एका लहानशा काळ्या बॅटरीवर बोट ठेवून म्हणाला, "ही बसलीय बाई. मोठी ठीक आहे. पण ही शिशाची छोटी बारा व्होल्टची जागी झाल्याशिवाय मोठीला कुणी उठवत नाही."

त्याने वायरी लावल्या, आणि मिनिटाभरात गाडी जागी झाली. मला मोठी गंमत वाटली. खाली लिथियमची एवढी मोठी बॅटरी, लाखो रुपयांची, आणि अडलं कुणापायी, तर जुन्या शिशाच्या डबीपायी.

चहा पिताना तो म्हणाला, "बाई, तुम्ही आम्हाला एडिसनची गोष्ट सांगायचात. दहा हजार वेळा प्रयोग फसला, पण त्याने हार मानली नाही. आठवतं?"

आठवतं म्हणजे काय! दरवर्षी सांगायची. दहावीचा वर्ग, सहामाहीचा निकाल लागला, की ठरलेली गोष्ट.

"तुमच्या एडिसनपायी मी गणिताला चारदा बसलो," तो हसत म्हणाला. "वडील म्हणत होते गॅरेजात ये, हात वळेल. मी म्हणायचो, नाही, बाईंनी सांगितलंय. तीन वर्षं गेली. गणित काही सुटलं नाही. मग आलोच गॅरेजात."

तो हसत होता, पण मला चहा गोड लागेना. आणि मग त्याने खरा प्रश्न विचारला. "बरं ते जाऊ द्या. मी कुठंतरी वाचलं की ते दहा हजार प्रयोग दिव्याचे नव्हतेच, बॅटरीचे होते. गाडीच्या बॅटरीचे. मग मी एवढी वर्षं धंद्यात आहे, एडिसनची बॅटरी मी का पाहिली नाही? दहा हजार प्रयोग करून त्याला मिळालं काय?"

मला उत्तर देता आलं नाही. इतिहास शिकवण्यात सारी नोकरी घालवली, आणि जी गोष्ट दरवर्षी सांगितली तिचा शेवट मला ठाऊक नव्हता. वाचायला बसले ती त्यासाठी.

आता माझा बॅटरीशी संबंध काय, असं कुणी विचारेल. आहे. माझं माहेर वाई तालुक्यातलं. मी लहान असताना, म्हणजे पन्नासच्या दशकात, गावात वीज नव्हती, पण ग्रामपंचायतीचा रेडिओ होता आणि तो मोटारीच्या बॅटरीवर चाले. बॅटरी उतरली की कुणीतरी ती सायकलच्या कॅरिअरला बांधून तालुक्याला न्यायची, दोन दिवस चार्जिंगला ठेवायची, आणि परत आणायची. वडिलांबरोबर एकदा मी गेले होते. दुकानदाराने रबरी फुगा लावलेली काचेची नळी बॅटरीत बुडवली, आतलं पाणी वर ओढलं, आणि नळीतला छोटा तरंगणारा काटा बघून म्हणाला, "ग्रॅव्हिटी पार गेली." मला वाटलं, ग्रॅव्हिटी म्हणजे काहीतरी चोरीला जाणारी वस्तू असावी. परत येताना ॲसिडचा थेंब वडिलांच्या धोतरावर उडाला होता तो तेव्हा दिसला नाही, धुतल्यावर तिथे भोकं पडली. आई पुढे कित्येक दिवस त्या ग्रॅव्हिटीचा उद्धार करत होती.

त्या काचेच्या नळीला हायड्रोमीटर म्हणतात, आणि शिशाच्या बॅटरीचं मर्म त्यातच आहे. १८५९ मध्ये गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने शिशाचे दोन पत्रे, मध्ये कापड घालून, वळकटीसारखे गुंडाळले आणि पातळ गंधकाम्लात बुडवून त्यातून वीज सोडली. वीज साठली आणि परत मिळाली. वारंवार भरता येणारी ही पहिली बॅटरी. पण पत्र्यावर चांगला थर बसायला पुन्हा पुन्हा चार्ज-डिस्चार्ज करत बसावं लागे. १८८१ मध्ये कामिय फोर याने शिशाच्या ऑक्साइडचा लगदा करून तो प्लेटवर थापला आणि ते काम सोपं केलं. पुढे जाळीसारख्या प्लेटच्या खणांत लगदा भरू लागले. आजची प्लेट तिचीच पणती.

बॅटरी उतरताना ॲसिडमधला गंधकाचा भाग प्लेटांवर जाऊन बसतो आणि मागे पाणी वाढतं, म्हणजे द्रव हलका होतो. चार्ज करताना उलट. म्हणून भरलेल्या बॅटरीची ग्रॅव्हिटी साधारण १.२८०, आणि उतरलेलीची १.१५० च्या आसपास. कारागीर 'बाराशे ऐंशी', 'साडेअकराशे' म्हणतात. बाहेरून कितीही चकचकीत दिसली, तरी बॅटरीच्या पोटात काय आहे ते ही नळी सांगते. मुलांच्या पोटात काय आहे ते बघायला अशी नळी असती तर आम्हा मास्तरांचं किती काम हलकं झालं असतं!

असो. मोटारीकडे येते.

पहिल्या मोटारींना बॅटरी दोन वेगळ्या कामांसाठी लागे, आणि या दोन कामांची गल्लत केली की पुढची सगळी गोष्ट कळत नाही. पेट्रोलच्या गाडीत ती फक्त ठिणगीसाठी. कार्ल बेंझच्या १८८६ च्या गाडीतही ठिणगी बॅटरी आणि कॉइलमधून येई. त्यासाठी पुष्कळ गाड्यांत साधे कोरडे सेल वापरत, टॉर्चमधल्यासारखेच पण हातभर मोठे वाटावेत असे. गाडीवान खिशात घड्याळाच्या आकाराचा एक ॲममीटर ठेवी. सेलच्या दोन टोकांना क्षणभर टेकवायचा, काटा वीसच्या वर गेला तर सेल ताजा, सात-आठवर अडखळला तर फेकायचा. जास्त वेळ टेकवला तर तपासणीतच सेल संपायचा! दुसरं काम विजेच्या गाडीचं. तिथे बॅटरी म्हणजेच इंजिनाचं खाणं. तिथे ती मोठी हवी, तासन् तास पुरायला हवी, आणि दगडधोंड्यांच्या रस्त्यावर हादरे सोसायला हवी.

आणि विजेच्या गाड्या तेव्हा काही नवलाईच्या नव्हत्या, हे वाचून मी चाटच पडले. १९०० साली अमेरिकेत जेवढ्या मोटारी बनल्या त्यात वाफेच्या १६८१, विजेच्या १५७५, आणि पेट्रोलच्या फक्त ९३६. पेट्रोल तिसऱ्या नंबरावर! त्याच्या आदल्याच वर्षी, २९ एप्रिल १८९९ ला, कामिय जेनात्सी नावाच्या बेल्जियन माणसाने पॅरिसजवळच्या आशेर इथे विडीच्या आकाराच्या विजेच्या गाडीतून ताशी १०५.८८ किलोमीटरचा वेग गाठला. शंभराच्या वर गेलेली ती पहिली मोटार. तिचं नाव 'ला जामे काँताँत', म्हणजे 'कधीच समाधानी नसणारी'. आमच्या शेजारच्या काकूंना शोभलं असतं.

पण शर्यत वेगळी आणि रोजचा धंदा वेगळा. फिलाडेल्फियाच्या मॉरिस आणि सालोम या दोघांनी १८९४ मध्ये विजेची गाडी केली, तेव्हा तिच्या एकूण वजनाचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग बॅटरीचाच होता. पुढे १८९७ मध्ये त्यांच्या विजेच्या टॅक्सी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर धावू लागल्या. त्यांनी एक हुशारी केली होती. चार्जिंगला गाडी उभी ठेवायची नाही, ठाण्यावर आली की रिकामी बॅटरी बाहेर ओढायची, भरलेली आत सरकवायची, काही मिनिटांत गाडी परत रस्त्यावर. आज आपल्याकडे रिक्षांना आणि स्कूटरना बॅटरी बदलून देण्याची केंद्रं निघाली, त्याचं केवढं कौतुक होतं. सव्वाशे वर्षांपूर्वीची कल्पना आहे ती.

पण रस्त्याचे हादरे, घाईघाईचं चार्जिंग, पार तळाला जाईपर्यंत गाडी दामटणं, आणि सांभाळणारी माणसं नवखी. प्लेटवरचा लगदा सुटून तळाला गाळ साठायचा आणि गाळाने प्लेटा आतल्या आत जोडल्या जायच्या. धंदा फुगला तसा बसलाही. ती कंपनी १९०७ मध्ये दिवाळखोरीत गेली. शिसं जड, ॲसिड खाणारं, आणि उतरलेल्या अवस्थेत तशीच ठेवली तर प्लेटांवर पांढरी बुरशीसारखी खपली धरणारं. ती धरली की बॅटरी गेली. आमचे बॅटरीवाले तिला 'सल्फेट मारलं' म्हणतात.

एडिसन इथे शिरला. १९०० च्या आसपास त्याच्या मनाने घेतलं की विजेच्या गाडीला शिसं आणि ॲसिड ही जोडीच चुकीची आहे. दिव्याचं काम १८७९ चं, ते कधीच संपलं होतं. आता पन्नाशी ओलांडलेली, नाव जगभर. घरी बसून मान घेतला असता तरी कुणी काही म्हटलं नसतं. पण न्यू जर्सीतल्या वेस्ट ऑरेंजच्या प्रयोगशाळेत त्याने माणसांची फौज लावली. ॲसिडच्या जागी अल्कली, म्हणजे पोटॅशचं पाणी. त्यात कुठले दोन धातू घालावेत, याचा शोध. तांबं, कोबाल्ट, कॅडमियम, निकेल, लोखंड, यांचे काय काय मेळ. स्वीडनमध्ये वाल्डेमार युंगनर नावाचा माणूस त्याच सुमारास त्याच वाटेने चालला होता, आणि निकेल-कॅडमियमचा मान त्याचाच. दोघांचे पेटंटवरून खटके उडाले. आपल्या पाठ्यपुस्तकांत युंगनर कधीच नव्हता. असाच एखादा प्रत्येक धड्यातून गळलेला असतो.

आणि माझी ती गोष्ट! तिचं मूळ इथे आहे. १९१० मध्ये एडिसनचं जे चरित्र निघालं त्यात त्याचा जुना सहकारी वॉल्टर मॅलरी याची आठवण दिली आहे. मॅलरी भेटायला गेला तेव्हा एडिसन टेबलाशी बसलेला, समोर चाचणीचे सेल ओळीने मांडलेले, आणि बॅटरीचे नऊ हजारांवर प्रयोग होऊन हाती काही नाही. मॅलरीला वाईट वाटलं, एवढे कष्ट आणि फळ नाही, असं काहीसं तो बोलला. त्यावर एडिसन हसून म्हणाला की फळ नाही कसं, हजारो गोष्टी चालत नाहीत हे आता मला कळलंय. पुढे सांगणाऱ्यांनी नऊचे दहा केले आणि बॅटरीचा दिवा केला. त्या सांगणाऱ्यांत मीही आले.

प्रयोगांतून शेवटी निकेल आणि लोखंड ठरलं. १९०१ मध्ये कंपनी काढली, दोनेक वर्षांत बॅटऱ्या बाजारात आल्या, माल पोचवणाऱ्या विजेच्या गाड्यांत बसल्या. वर्तमानपत्रांनी डोक्यावर घेतलं. एडिसननेही तोंडभर आश्वासनं दिली होती, ती सवय त्याला होतीच. आणि मग तक्रारी सुरू झाल्या. डब्यांच्या झाळलेल्या शिवणी गळू लागल्या. त्याहून वाईट म्हणजे काही सेल काही महिन्यांतच ताकद हरवू लागले, काही मात्र ठणठणीत. एकाच घाण्यातून निघालेले सेल आणि दोन तऱ्हेचे निकाल!

१९०४ च्या अखेरीस त्याने उत्पादन बंद केलं. मागणी होती, लोक घ्यायला तयार होते, तरी बंद केलं. मला एडिसनबद्दल फार प्रेम उरलेलं नाही, टेस्लाशी आणि इतरांशी तो कसा वागला ते वाचल्यापासून. पण हे मात्र मी त्याच्या जमेला धरते.

यानंतरची पाच वर्षं माझ्या गोष्टीत कधीच नव्हती, आणि खरी गोष्ट तीच आहे. कारण आता प्रश्न नवा पदार्थ शोधण्याचा नव्हता, हाती असलेला पदार्थ का दगा देतो हे शोधण्याचा होता. निकेलचं संयुग विजेला नीट वाट देत नाही, म्हणून त्यात ग्राफाइटची पूड मिसळत. चार्ज-डिस्चार्जमध्ये तो मसाला फुगे, ग्राफाइटची पकड सुटे, आणि आत वीज असूनही बाहेर येईना. मग त्याने ग्राफाइट काढून निकेलचेच अतिशय पातळ पापुद्रे घालायचं ठरवलं. एवढे पातळ पापुद्रे करायचे कसे? फिरत्या नळकांड्यावर विजेने आधी तांब्याचा थर चढवायचा, मग निकेलचा, परत तांब्याचा, परत निकेलचा, असे कितीतरी. तो पत्रा सोलून काढायचा, बारीक चौकोन कापायचे, आणि मग त्यातलं तांबं रसायनाने विरघळवून टाकायचं. मागे राहतात निकेलचे पापुद्रे, फुंकरीने उडतील असे. भोकं पाडलेल्या पोलादी नळीत एक थर संयुगाचा, एक थर पापुद्र्यांचा, असे शेकडो थर ठासून भरायचे. आमच्या आजीच्या चिरोट्याची आठवण झाली मला. मात्र आजीच्या चिरोट्यांना पेटंट नव्हतं.

आणि चाचण्या! एडिसनने बॅटरीचे जे हाल केले ते वाचून मला तिची दया आली. एक यंत्र होतं, ते सेलला जरासं उचलून खाली आपटायचं, परत उचलायचं, परत आपटायचं, लाखो वेळा. हे म्हणजे खड्ड्यांचा रस्ता प्रयोगशाळेत आणणं झालं. प्रयोगशाळेच्या वरच्या मजल्यांवरून बॅटऱ्या खाली टाकून बघत. वजन लादलेल्या गाड्या न्यू जर्सीच्या मुद्दाम निवडलेल्या खराब रस्त्यांवरून हजारो मैल पळवल्या. बॅटरी पार रिकामी करून तशीच सोडली, वाजवीपेक्षा जास्त चार्ज केली, उलटी जोडली. शिशाची बॅटरी यातल्या एकेकाने मेली असती. ही सगळ्यातून उठून बसली.

१९०९ मध्ये नवी बॅटरी बाजारात आली. एडिसन बासष्ट वर्षांचा होता. या खेपेला तोंडभर आश्वासनं होती ती खरी निघाली. त्या काळच्या काही एडिसन बॅटऱ्या अनेक दशकांनंतरही कामाच्या निघाल्या आहेत.

मग गाडीवाल्याने ती घ्यायची की नाही? इथे निवडीचा प्रश्न येतो, आणि तो परीक्षेतल्या पेपरासारखा सरळ नव्हता. डेट्रॉइट इलेक्ट्रिक नावाची तिथली सर्वांत खपाची विजेची गाडी होती. १९११ पासून गिऱ्हाइकाला विचारत, शिशाची हवी की एडिसनची? एडिसनची हवी तर सहाशे डॉलर जादा. आणि १९१५ मध्ये फोर्डची अख्खी मॉडेल टी गाडी सहाशेहून कमी डॉलरला मिळत होती! म्हणजे एका बॅटरीच्या जादा पैशात दुसऱ्याची मोटार. शिवाय शिशाचा सेल दोन व्होल्ट देतो, एडिसनचा सव्वाच्या आसपास, म्हणजे सेल जास्त लावायचे. थंडीत ती आणखी मंदावे. उलट, आयुष्य लांब, ॲसिड नाही, निगा कमी. श्रीमंत आणि लांबचा विचार करणाऱ्याला परवडावी अशी. किती मैल जाते, यावर चुरस होती. डेट्रॉइट इलेक्ट्रिकने एका चाचणीत एका चार्जवर २११ मैल काढले, पण कंपनी गिऱ्हाइकाला सांगे ऐंशी मैलांचं. ही प्रामाणिकपणाची बाजू मला आवडली. शाळेच्या जाहिरातीत पहिल्या नंबराचाच फोटो छापतात, तसं नव्हतं केलं.

शिसेवालेही झोपले नव्हते. एक्साइड कंपनीने १९१० मध्ये 'आयर्नक्लॅड' नावाची प्लेट काढली. त्यात लगदा उघडा न थापता नळ्यांत भरलेला, म्हणजे हादऱ्याने गळायचा नाही. स्पर्धेने दोघांचंही भलं केलं.

पण शिक्कामोर्तब झालं ते तिसरीकडेच. ओहायोतल्या डेटन गावी चार्ल्स केटरिंग नावाचा इंजिनिअर होता. (हा आधी खेड्यातल्या शाळेत मास्तर होता, डोळ्यांच्या दुखण्याने त्याचं कॉलेज अडलं होतं. हे वाचल्यावर त्याच्याबद्दल माझा पक्षपात सुरू झाला, हे कबूल करते.) पेट्रोलच्या गाडीला तेव्हा पुढून हँडल मारावं लागे. हँडल उलट फिरलं की मनगट मोडे, जबडा फुटे. बायरन कार्टर नावाचा मोटार बनवणारा १९०८ मध्ये गेला, तो एका बाईची बंद पडलेली गाडी सुरू करून देताना हँडल लागून झालेल्या दुखापतीने, असं सांगतात. या गोष्टीच्या तपशिलांबद्दल मतभेद आहेत. पण कॅडिलॅकच्या हेन्री लेलँडने केटरिंगला विजेचा स्टार्टर करायला सांगितलं, हे नक्की.

जाणकारांचं म्हणणं होतं की इंजिन फिरवायला एवढी मोठी मोटर लागेल की ती गाडीत मावणार नाही. केटरिंग आधी गल्ल्यांच्या यंत्रांच्या कंपनीत होता. तिथे त्याने गल्ल्याचा खण उघडायला विजेची मोटर बसवली होती, आणि त्याला एक गोष्ट उमगली होती. मोटरला दिवसभर राबवायचं नसेल, दोन-चार सेकंदच राबवायचं असेल, तर लहान मोटरवरही मोठा भार टाकता येतो. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये त्याचा स्टार्टर आला. चार्जिंग आणि दिवे सहा व्होल्टवर, आणि इंजिन फिरवताना तेच सेल एकामागे एक जोडून चोवीस व्होल्ट. आपण आज जे 'सेल्फ मारणं' म्हणतो, ते हे.

आता बॅटरीकडून अपेक्षाच बदलली. ऐंशी मैल पुरणारी बॅटरी नको होती, दोन सेकंदांसाठी जीव तोडून धावणारी हवी होती. आणि या एका कामात शिसं अव्वल. त्याचा आतला अडथळा कमी, झटका जोरदार. एडिसनची बॅटरी सोशीक, दीर्घायुषी, पण झटका द्यायला आतला अडथळा जास्त, थंडीत तर विचारूच नका. तिने दहा वर्षं ज्या परीक्षेची तयारी केली तो पेपरच रद्द झाला. बायका हँडल मारू शकत नाहीत म्हणून विजेची गाडी घेत, अशी तेव्हाची समजूत होती. खुद्द हेन्री फोर्डच्या बायकोकडे, क्लाराकडे, १९१४ ची डेट्रॉइट इलेक्ट्रिक होती. स्टार्टर आल्यावर तेही कारण उरलं नाही. फोर्ड आणि एडिसन दोघे दोस्त, त्यांनी मिळून स्वस्त विजेची गाडी काढायची, अशा बातम्या १९१४ मध्ये आल्या. नमुन्याच्या गाड्याही झाल्या. बाजारात एकही आली नाही. मॉडेल टीला विजेचा स्टार्टर १९१९ मध्ये मिळाला, त्यासाठीची बॅटरी अर्थात शिशाची.

एडिसनच्या बॅटरीचं पुढे काय झालं? ती रेल्वेच्या सिग्नलला लागली, डब्यांतल्या दिव्यांना लागली, खाणकामगारांच्या टोपीवरच्या दिव्याला लागली, गोदामांतल्या माल उचलणाऱ्या गाड्यांना लागली. जिथे झटका नको, वर्षानुवर्षं टिकणं हवं, तिथे. त्याला त्यातून पैसाही चांगला मिळाला. एक काळी नोंदही आहे. पाणबुड्यांत शिशाच्या बॅटरीत समुद्राचं पाणी शिरलं तर विषारी क्लोरीन वायू होतो, म्हणून एडिसनची बॅटरी तिथे बसवायची ठरलं. पण चार्ज-डिस्चार्जमध्ये तिच्यातून हायड्रोजन सुटतो. जानेवारी १९१६ मध्ये ब्रुकलिनच्या नौदलाच्या गोदीत 'ई-२' पाणबुडीत स्फोट होऊन माणसं मेली. हादऱ्याच्या, आपटण्याच्या, उपासाच्या सगळ्या परीक्षांत उत्तीर्ण झालेली बॅटरी, पण बंद खोलीत वायू किती साठतो या परीक्षेत तिथे नापास ठरली.

आणि १९७२ मध्ये एडिसनचा हा बॅटरीचा धंदा विकत घेतला कुणी, तर शिशाच्या बॅटऱ्या करणाऱ्या एक्साइडनेच. तीन वर्षांनी, १९७५ मध्ये, तो बंद झाला.

हे सगळं वहीत नीट उतरवून काढलं आणि मी नाक्यावर गेले. दुकानात एका बाजूला रिक्षाची बॅटरी चार्जिंगला लावलेली. मला स्टूल दिलं. मी पहिल्यापासून सांगितलं, मॅलरी, पापुद्रे, वरच्या मजल्यावरून टाकलेल्या बॅटऱ्या, पाणबुडीसुद्धा. तो हातातलं काम न थांबवता ऐकत होता, वर्गात कधी एवढं ऐकलं नव्हतं. मग मी म्हटलं, "अरे, ती गोष्ट मी अर्धीच सांगत होते. पाच वर्षं कारखाना बंद ठेवून त्याने काय केलं ते सांगायला हवं होतं. आणि शेवटी ती गाडीला चाललीच नाही, हेही. तुझी तीन वर्षं गेली त्यात माझा वाटा आहे."

तो एकदम संकोचला. "छे हो बाई, मी गंमत केली. मी नुसताच बसायचो परीक्षेला. अभ्यास कुठं करत होतो? तुमचा एडिसन निदान दरवेळी नवीन काहीतरी करून बघत होता."

मग थोडा वेळ गप्प राहिला आणि धंद्याचं विचारलं. "त्या बॅटरीत पाणी घालावं लागायचं का?"

"लागायचं. शिशाच्या मानाने जास्तच," मी म्हटलं. "अजूनही सोलरसाठी कुणी कुणी बनवतात, त्यातही लागतं."

"मग नाही खपणार इथं. लोक वर्षातून एकदा पाणी घालत नाहीत." आणि माझ्याकडे बघून, "तुमच्या इन्व्हर्टरला कधी घातलंत?"

मला आठवेना. तो लगेच डिस्टिल्ड वॉटरचे दोन कॅन आणि ती रबरी फुग्याची नळी घेऊन माझ्याबरोबर घरी आला. झाकणं उघडली तर सहापैकी दोन खणांत प्लेटा कोरड्या पडायला लागल्या होत्या. पैसे घेतले नाहीत. उरलेलं पाणी जिन्याखाली ठेवून गेला आहे आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर दर दोन महिन्यांनी एक असा निळा गोल करून गेला आहे. पहिला गोल येत्या दहा तारखेला आहे.